नव्या आवृत्तीनंतरची मंदगती : पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरचे दोषनिदान

प्राथमिक शिक्षकांच्या सहकारी पतसंस्थांचा हिशेब एके काळी रोजकीर्द, खतावणी आणि तेरीज यांच्या वह्यांत मावत असे. आता बहुतेक संस्थांत तो संगणकावर गेला आहे. सभासदांचे भाग, ठेवी, कर्जे, जामीनकी, हप्ते, व्याज आणि लाभांश या सर्वांची नोंद एकाच व्यवस्थापन-सॉफ्टवेअरमध्ये होते. या संस्थांच्या संचालक मंडळांवर शिक्षकच निवडून जातात. साहजिकच, ज्यांनी संगणकशास्त्राचा कधी अभ्यास केला नाही, अशा शिक्षकांवरही त्या सॉफ्टवेअरसंबंधी निर्णय घेण्याची जबाबदारी येऊन पडते.

असा प्रसंग बहुधा पुढीलप्रमाणे उद्भवतो. सॉफ्टवेअर पुरविणारा इसम रविवारी येऊन नवी आवृत्ती बसवून जातो. सोमवारी कार्यालय उघडते, तो जो खातेउतारा क्षणात निघत असे त्यास काही मिनिटे लागू लागतात. दूरच्या गावाहून बस धरून आलेला सभासद बाकावर ताटकळत बसतो. वेतनबिलासाठी पाठवावयाची कपात यादी महिनाअखेरीस वेळेवर तयार होत नाही. ती चुकली तर त्या महिन्याचा हप्ता कापला जात नाही, आणि थकलेल्या हप्त्याचा भार काही अपराध नसताना सभासदावर पडू शकतो.

अशा वेळी सभेत तीन मते हमखास पुढे येतात. पहिले, लिपिकास नवे काम जमत नाही. दुसरे, संगणक जुने झाले, नवे घ्यावेत. तिसरे, जुनीच आवृत्ती परत बसवावी. या तिन्ही मतांत एक दोष समान आहे : रोगाची परीक्षा होण्यापूर्वीच औषध ठरविलेले असते. पहिल्या मताने एका निरपराध सेवकाची अब्रू जाते, दुसऱ्याने सभासदांचा पैसा जातो, आणि तिसऱ्याने हिशेबातील नोंदी गमावण्याची वेळ येऊ शकते.

चौथीतून पाचवीत गेलेले मूल वाचनात मागे पडले, तर जाणता शिक्षक त्यावर ‘मंद’ असा शिक्का मारीत नाही. तो मुलास जवळ बसवून वाचावयास लावतो आणि ते नेमके कोठे अडखळते हे पाहतो. फळा दिसत नाही, जोडाक्षर ओळखू येत नाही, की शब्दच अपरिचित आहे, हे कळल्यावरच तो उपाय योजतो. मंदगती हे लक्षण आहे, कारण नव्हे, हे वर्गातील सूत्र संगणकाच्या बाबतीतही तंतोतंत लागू पडते.

पहिली पायरी : मोजमाप

“फार वेळ लागतो” हे वर्णन निदानाच्या कामी निरुपयोगी होय. एक साधी वही घेऊन तीत पाच रकाने आखावेत : काम कोणते, कोणत्या संगणकावर केले, किती वाजता केले, किती सेकंद लागले, आणि त्या वेळी आणखी किती जण काम करीत होते. नेहमीची पाच कामे निवडावीत. खातेउतारा, पावती, कर्जाची नवी नोंद, कपात यादी आणि तेरीज ही पुरेशी आहेत. प्रत्येक काम तीन वेळा करून भ्रमणध्वनीतील घड्याळाने वेळ मोजावी.

जुन्या आवृत्तीत याच कामांस किती वेळ लागत असे याची नोंद बहुधा कोणीच ठेवलेली नसते, आणि मग तुलना केवळ आठवणीशी करावी लागते. यास्तव पुढील प्रत्येक अद्ययावतीकरणाच्या आदल्या दिवशी ही पाच मोजमापे लिहून ठेवण्याचा प्रघात पाडावा. त्यास खर्च काही नाही, वेळ अर्ध्या तासाचा आहे.

दुसरी पायरी : चार प्रश्न

वही भरली की तिला चार प्रश्न विचारावेत.

१. सर्वच कामे मंद झाली आहेत, की एखादेच? सर्वच मंद असतील तर दोष मुख्य संगणकात, जोडणीत किंवा नव्या आवृत्तीच्या मांडणीत शोधावा. पावती झटपट निघते पण कपात यादी रखडते, असे असेल तर दोष त्या एका कामासाठी माहिती शोधण्याच्या रीतीत आहे.

२. सर्व संगणकांवर मंद आहे, की एकाच? एकाच टेबलावरचा संगणक मंद असेल तर मुख्य संगणकास हात लावू नये. त्या टेबलावरची तार, तेथील अँटिव्हायरस आणि तेथे नेमून दिलेला प्रिंटर पाहावा. बंद पडलेला किंवा काढून नेलेला प्रिंटर संगणकात मुख्य प्रिंटर म्हणून राहून गेला असेल, तर काही सॉफ्टवेअर अहवाल उघडताना त्या प्रिंटरच्या उत्तराची वाट पाहत थांबतात, आणि दोष मात्र अहवालाच्या माथी येतो.

३. दिवसभर मंद आहे, की ठरावीक वेळी? रोज अकराच्या सुमारासच काम अडत असेल, तर त्या वेळी बॅकअप, अँटिव्हायरसची तपासणी किंवा दुसरा मोठा अहवाल चालू असतो काय, हे पाहावे.

४. दोष हळूहळू कमी होत आहे काय? मुख्य संगणक नुकताच बंद करून सुरू केला असेल, तर वारंवार लागणारी माहिती त्याच्या मेमरीत आलेली नसते. ती दर वेळी डिस्कवरून आणावी लागते. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कला एक फेरा पुरा करण्यास सुमारे ८.३ सहस्रांश सेकंद लागतात, आणि विखुरलेल्या जागांवरून तिला सेकंदात साधारण शंभराच्या आसपासच वाचने जमतात. मेमरीतून हीच माहिती कित्येक पटींनी लवकर मिळते. म्हणून पहिल्या सकाळची मंदगती दुपारपर्यंत ओसरली तर ती स्वाभाविक समजावी. दोन-तीन दिवसांनीही ती तशीच राहिली, तर पुढील पायरीकडे वळावे.

तिसरी पायरी : माहिती कशी शोधली जाते

पतसंस्थेच्या सर्व नोंदी डेटाबेसमध्ये असतात. त्याचे कार्य शिक्षकांस समजणे मुळीच कठीण नाही, कारण शाळेतील जनरल रजिस्टर हा त्याचाच कागदी नमुना होय.

जनरल रजिस्टरात मुलांची नावे दाखल क्रमांकाने असतात. चाळीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी शाळा सोडल्याचा दाखला मागावयास आला आणि त्यास फक्त आडनाव सांगता आले, तर सारी पाने चाळावी लागतात. परंतु एखाद्या दूरदर्शी मुख्याध्यापकाने आडनावांची वेगळी सूची करून ठेवली असेल, तर सूचीतून क्रमांक आणि क्रमांकावरून पान लगेच सापडते. डेटाबेसमधील अशा सूचीस इंडेक्स म्हणतात. सूचीच्या एका पानावर १०० नोंदी आणि प्रत्येक नोंदीतून पुढच्या १०० नोंदींच्या पानाकडे वाट, अशी रचना केली तर १०० × १०० × १०० म्हणजे १० लाख नोंदींतून हवी ती नोंद सूचीची केवळ तीन पाने पाहून सापडते.

तथापि सूची दर वेळी उपयोगी पडत नाही. शाळेतील दहापैकी नऊ मुले एकाच गावची असतील आणि त्या गावच्या मुलांची यादी हवी असेल, तर दर नावासाठी सूचीकडे धाव घेण्यापेक्षा रजिस्टर पहिल्या पानापासून सरळ वाचीत जाणे सोयीचे ठरते. अर्थात कोणती रीत बरी, हे उत्तर किती नोंदींचे असेल या अंदाजावर अवलंबून आहे. हा निर्णय संगणक स्वतःच घेतो. खर्चाचा असा अंदाज बांधून वाट निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयबीएम कंपनीच्या संशोधनशाळेत विकसित केली आणि १९७९ साली प्रसिद्ध केली. आजचे प्रमुख डेटाबेस त्याच मार्गाने जातात.

अंदाज बांधण्यास आधार हवा. तो आधार म्हणजे डेटाबेसने आपल्याच नोंदींची केलेली लहानशी खानेसुमारी : कोणत्या रकान्यात किती निरनिराळ्या किमती आहेत, कोणती किंमत वारंवार येते, तारखा कोठपासून कोठपर्यंत पसरल्या आहेत. हिला डेटाबेसची सांख्यिकी म्हणावे. नव्या आवृत्तीनंतरच्या मंदगतीचे एक मोठे कारण या सांख्यिकीत दडलेले असते.

सांख्यिकी हरवते तेव्हा

पोस्टग्रेस हा अनेक व्यवस्थापन-सॉफ्टवेअरांच्या मुळाशी असलेला, विनामूल्य मिळणारा डेटाबेस आहे. त्याची मोठी आवृत्ती बदलण्यासाठी पीजी-अपग्रेड नावाचे साधन वापरतात. २०२५ साली आलेल्या अठराव्या आवृत्तीपूर्वी हे साधन नोंदी नव्या घरी नेत असे, परंतु सांख्यिकी मागेच राहत असे. अठराव्या आवृत्तीपासून सांख्यिकीचा बहुतेक भाग बरोबर जातो. मात्र त्याआधीच्या आवृत्तीवर स्थलांतर झाले असेल, तर खानेसुमारी पुन्हा करणे अगत्याचे असते.

ती न केल्यास काय होते, हे एका कल्पित संस्थेच्या आकड्यांनी पाहू. समजा, ४००० सभासद आहेत आणि खतावणीत १० लाख नोंदी आहेत. म्हणजे सरासरीने एका सभासदाच्या नोंदी २५० झाल्या. सांख्यिकी नसताना पोस्टग्रेस असे धरून चालतो की रकान्यात २०० च निरनिराळ्या किमती आहेत. त्या हिशेबाने एका सभासदाच्या नोंदी ५००० ठरतात, म्हणजे वास्तवाच्या वीसपट. एखाद्या तारखेनंतरच्या नोंदी मागितल्या, तर तो एकूण नोंदींचा एक-तृतीयांश भाग, म्हणजे ३ लाख ३३ हजार नोंदी मिळतील असे गृहीत धरतो. प्रत्यक्षात एका महिन्याच्या नोंदी १२ हजारच असतील. एवढ्या नोंदी काढावयाच्या तर सूचीपेक्षा सरळ वाचनच बरे, असे ठरवून तो सारी खतावणी वाचीत बसतो.

याहून घातक चूक उलट दिशेची असते. ‘प्रकार : कर्जहप्ता’ आणि ‘स्थिती : मंजूर’ अशा दोन अटी एकदम घातल्या, तर तो प्रत्येक अटीला दोनशेत एक असे प्रमाण धरून दोन्हींचा गुणाकार करतो. १० लाखांचा चाळीस हजारावा भाग म्हणजे २५ नोंदी. खरे पाहता त्या दोन अटींत बसणाऱ्या नोंदी ४ लाख असू शकतात. पंचवीस नोंदींसाठी दर वेळी उठून दुसऱ्या खोलीतील रजिस्टर पाहून येणे ठीक आहे. चार लाख फेऱ्या घालाव्या लागल्या तर कपात यादी संध्याकाळपर्यंत निघत नाही. संगणक येथे सुस्त नसतो. किंबहुना तो अतोनात राबत असतो, परंतु चुकीच्या वाटेवर.

उपाय मात्र अल्प आहे. ‘अ‍ॅनालाइझ’ ही आज्ञा दिली की पोस्टग्रेस प्रत्येक तक्त्यातून नमुना घेऊन सांख्यिकी तयार करतो. नेहमीच्या मांडणीत हा नमुना ३०,००० ओळींचा असतो, त्यामुळे मोठ्या तक्त्यासही फार वेळ लागत नाही. डेटाबेस हे काम कालांतराने आपोआपही करतो; परंतु ज्या तक्त्यात बदल होतात त्याचीच पाळी येते. मागील वर्षांच्या नोंदींचा तक्ता वेगळा असेल आणि त्यात काही बदलतच नसेल, तर त्याची पाळी येत नाही. म्हणून ही आज्ञा नव्या आवृत्तीच्या दिवशीच देणे योग्य.

इतर डेटाबेसांतील प्रकार

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रश्न वेगळ्या वाटेने आला. त्याच्या २०१४ च्या आवृत्तीत अंदाज बांधण्याची पद्धतच बदलली. बहुतेक कामांना ती मानवली; काही कामे मात्र जुन्या अंदाजावर चांगली चालत होती, ती मंदावली. या डेटाबेसमध्ये ‘सुसंगतता पातळी’ नावाची एक खूण असते. जुना डेटाबेस नव्या आवृत्तीवर नेला तरी ही खूण सामान्यतः जुनीच राहते, आणि ती वाढविल्यावर नवी अंदाजपद्धत लागू होते. त्यामुळे ही खूण बदलली काय आणि कधी बदलली, हा पुरवठादारास विचारावयाचा नेमका प्रश्न होय. २०१६ च्या आवृत्तीपासून प्रत्येक कामाने कोणती वाट घेतली आणि किती वेळ घेतला याची नोंद ठेवण्याची सोयही त्यात आहे. ती चालू ठेवली तर वाद आठवणींवर न राहता पुराव्यावर येतो.

मायएसक्यूएल या तिसऱ्या डेटाबेसमध्ये एकदा विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर जपून ठेवून, तोच प्रश्न पुन्हा येताच ते देण्याची सोय होती. २०१८ साली आलेल्या ८.० या आवृत्तीत ती काढून टाकण्यात आली, कारण अनेक जण एकाच वेळी काम करू लागले की ती मदतीऐवजी अडथळा करीत असे. परंतु ज्या सॉफ्टवेअरची मदार त्या सोयीवरच होती, त्यांचे काही अहवाल नव्या आवृत्तीत मंद झाले.

तिन्ही उदाहरणांत यंत्र तेच, लिपिक तोच आणि नोंदीही त्याच होत्या. बदलली होती ती माहिती शोधण्याची रीत. नवा संगणक घेऊन असा दोष थोडा झाकला जाईल. तो नाहीसा होणार नाही.

यंत्राची तपासणी

म्हणून यंत्र पाहूच नये असे मात्र नाही. नव्या आवृत्तीस अधिक मेमरी लागत असेल आणि ती अपुरी असेल, तर संगणक मेमरीचे काम डिस्कवर ढकलू लागतो आणि सर्वच कामे रखडतात. डिस्क काठोकाठ भरली असेल, तरीही अडचण येते. अद्ययावतीकरणानंतर अँटिव्हायरस डेटाबेसच्या धारिका दर वेळी तपासू लागला काय, हेही पुरवठादाराच्या सल्ल्याने पाहावे. नवे यंत्र खरोखरच हवे, असे मोजमापावरून ठरले तर ते जरूर घ्यावे. मात्र खरेदीच्या ठरावासोबत ते मोजमाप सभेपुढे ठेवावे.

दुरुस्तीची शिस्त

दुरुस्ती करताना पुढील नियम कसोशीने पाळावेत.

१. कोणताही बदल करण्यापूर्वी बॅकअप घ्यावा, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. न तपासलेला बॅकअप हा कुलपाच्या न तपासलेल्या किल्लीसारखा असतो.

२. एका वेळी एकच बदल करावा आणि तीच पाच कामे पुन्हा मोजावीत. चार बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावे लागते.

३. वेग वाढविण्यासाठी जुन्या नोंदी काढून टाकू नयेत. त्या सभासदांच्या पैशांचा पुरावा आहेत आणि लेखापरीक्षणात त्यांची गरज लागते. योग्य सूची व ताजी सांख्यिकी असेल तर जुन्या नोंदी रोजच्या कामाच्या आड येत नाहीत.

४. जुनी आवृत्ती परत बसविणे हा अखेरचा उपाय समजावा. रविवारी घेतलेला बॅकअप गुरुवारी परत बसविला, तर मधल्या चार दिवसांच्या पावत्या व कर्जनोंदी हिशेबातून नाहीशा होतील. तसे करणे अपरिहार्य झाल्यास त्या दिवसांच्या सर्व पावत्यांच्या छापील प्रती आधी जुळवून ठेवाव्यात.

५. संस्थेसाठी म्हणून खास करून घेतलेले अहवाल वेगळे तपासून घ्यावेत. ते जुन्या आवृत्तीच्या मापाने बेतलेले असतात.

पुरवठादारास पत्र

“नवी आवृत्ती फार मंद आहे, त्वरित लक्ष घालावे” अशा पत्रास “आमच्याकडे व्यवस्थित चालते” असेच उत्तर येते. त्याऐवजी वहीच्या आधारे असे लिहावे : “नवी आवृत्ती बसविल्यापासून कपात यादीस चार मिनिटांऐवजी पन्नास मिनिटे लागतात. पावती व खातेउतारा पूर्वीप्रमाणेच निघतात. हा फरक तिन्ही संगणकांवर, सकाळी व संध्याकाळी सारखाच आढळला. मुख्य संगणकाची मेमरी व डिस्क यांत जागा शिल्लक आहे. आवृत्ती बदलल्यानंतर डेटाबेसची सांख्यिकी नव्याने केली काय, सूची सर्व शाबूत आहेत काय, आणि सुसंगतता पातळी बदलली काय, याचा लेखी खुलासा व्हावा.” अशा पत्रास टाळाटाळीचे उत्तर देणे कठीण जाते, आणि प्रामाणिक पुरवठादाराचे निम्मे काम त्यातच होऊन जाते.

उपसंहार

वरील सर्व विवेचनात शिक्षकाने स्वतः डेटाबेसला आज्ञा द्याव्यात अशी अपेक्षा नाही. ते काम जाणकाराचेच आहे. परंतु जाणकारास योग्य प्रश्न विचारणे, उत्तर मोजून पाहणे, आणि तोपर्यंत कोणावरही दोष न ठेवणे, हे संचालक म्हणून बसलेल्या शिक्षकाचे कर्तव्य आहे. ज्या लिपिकाने सोमवारी सकाळपासून रखडलेल्या पडद्यासमोर बसून सभासदांची बोलणी ऐकली, त्याच्याच हाती ती पाच रकान्यांची वही द्यावी. कोणते काम कोठे अडते हे त्याच्याइतके कोणासही ठाऊक नसते. वही भरून सभेपुढे आली की चर्चा माणसावरून कामाकडे वळते, आणि सभासदांचा पैसा व सेवकाची अब्रू ही दोन्ही राखली जातात.